‘मिसप्रिंट’ नाण्यावर बोली लावण्याआधी

मागच्या दिवाळीत एका ऑनलाइन लिलावात मी दोन रुपयांचं नाणं १,८०० रुपयांना घेतलं. जुनं, अकरा कोनांचं. विक्रेत्याने लिहिलं होतं, ‘लाखी, अतिदुर्मिळ’. एका बाजूला भारताचा नकाशा नेहमीसारखा, दुसऱ्या बाजूला तोच नकाशा उलटा आणि आत खचलेला. नाणं घेऊन जळगावच्या सराफ बाजारात ओळखीच्या सोनारकाकांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, दोन-तीनदा नाणं तिरपं केलं आणि म्हणाले, “भाऊ, हे व्हाइसमध्ये कोणी दाबलं?” (व्हाइस म्हणजे वर्कशॉपमधला आवळायचा शिकंजा.)

तेव्हापासून काटा, भिंग आणि चुंबक हाताशी ठेवल्याशिवाय मी बोली लावत नाही. माझी पद्धत सांगतो.

आधी विचारा : ही चूक मशीनवर झाली कशी?

टांकसाळीत धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, भट्टीत तापवून मऊ करतात, त्यांची कड किंचित उभी करतात. मग दोन डायच्या (चित्र कोरलेल्या ठशांच्या) मध्ये, एका कड्यात बसवून ठोका देतात. खरी चूक यातल्याच एखाद्या टप्प्यावर होते. पट्टीत आधीच पडलेल्या भोकावर चकत्या कापणारा पंच पुन्हा बसला, तर चकतीचा चंद्रकोरीसारखा तुकडा कमी. चकती कड्यात नीट बसली नाही, तर छाप एका बाजूला सरकलेला. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर त्याचा उलटा, खोल ठसा. यालाच संग्राहक ‘लाखी’ म्हणतात.

आता माझं नाणं बघा. चिकटलेल्या नाण्याने एका डायचं तोंडच झाकलेलं असतं, म्हणून खऱ्या लाखीत त्या बाजूचं स्वतःचं चित्र मुळात उमटतच नाही. माझ्या नाण्यावर खचलेल्या नकाशाखाली सिंहांचे पाय चपटलेले दिसत होते, आणि ‘भारत’मधला ‘भा’ अर्धा शिल्लक होता. म्हणजे नाणं आधी पूर्ण तयार झालं, बाजारात फिरलं, मग दुसऱ्या नाण्यावर ठेवून कोणीतरी व्हाइस आवळली. पाच मिनिटांचं काम.

भुसावळकरांना दुसरा प्रकार वेगळा सांगायला नको. लहानपणी रुळावर नाणं ठेवायचं, गाडी गेली की पसरट चकती उचलायची, ही आमच्याकडची जुनीच खोड. (धोक्याची आहे, पोरांना शिकवू नका.) तशीच नाणी आता ‘कड्याबाहेर छापलेलं, मोठ्या आकाराचं’ म्हणून विकायला येतात. कड्याबाहेर छापलेल्या खऱ्या नाण्यावर अक्षरं स्वच्छ असतात, फक्त भोवतीची कड पसरलेली असते. रुळावरच्या नाण्यात अक्षरंच एका दिशेला ओढली जातात आणि नाणं लंबगोल होतं.

काटा, चुंबक, कड

सोनाराच्या काट्यावर ग्रॅमचा शंभरावा भाग दिसतो, तेवढा पुरे. तसा छोटा काटा ऑनलाइनही मिळतो. अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं. २०११च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅम, त्याच मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं ४.८५ आणि पाचाचं ६ ग्रॅम. ‘पातळ चकतीवर छापलेलं’ म्हणून आलेलं नाणं हलकं भरलं आणि त्यावरची सगळी अक्षरं साबणासारखी गुळगुळीत असली, तर ते बहुधा ॲसिडात बुडवलेलं आहे. वजन घटलं तरी चूक टांकसाळीची असेलच असं नाही.

‘वेगळ्या धातूवर छापलेला पिवळा रुपया’ दिसला की चुंबक काढा. स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो. पिवळा असूनही चिकटला, तर वर मुलामा आहे. सोन्याच्या बाजारपेठेच्या गावात मुलामा चढवून घ्यायला कितीसा वेळ लागतो!

कड मात्र निवांत बघा. दोन्ही बाजूंना सिंह असलेलं नाणं हजारो रुपयांना लावलेलं असतं. ते बहुतेक वेळा जादूगाराचं खेळणं निघतं. एक नाणं आतून कोरायचं, दुसरं घासून लहान करायचं आणि त्यात बसवायचं. कडेच्या आतल्या बाजूने भिंग फिरवलं की केसाएवढा सांधा दिसतो. चंद्रकोरीसारखं कापलेलं नाणं असेल, तर कापाच्या बरोबर समोरची कड बघा. खऱ्या नाण्यात ती अनेकदा फिकी, दबलेली असते, कारण कड उभी करताना तिथे पुरेसा दाब मिळत नाही. कानशीने कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत.

जे चूकच नाही, त्याचे पैसे देऊ नका

‘मिंट मार्क (टांकसाळीची खूण) नसलेलं, दुर्मिळ’ हा मला सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. वर्षाच्या खाली मुंबईचा हिरा असतो, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. म्हणजे विक्रेता तुम्हाला कोलकात्याचं साधं नाणं विकतोय.

फिरलेल्या डायचंही, म्हणजे एक बाजू दुसरीच्या मानाने कललेल्या नाण्याचंही, तसंच. नाणं वरून-खालून दोन बोटांत धरा आणि कुशीवर फिरवा. आपल्या नाण्यांची मागची बाजूही सरळ दिसायला हवी. ती पूर्ण उलटी निघाली तर गंमत आहे, जास्तीचे पैसे द्यायलाही हरकत नाही. थोडीशी कलली असेल तर माझ्या लेखी तिची किंमत नाण्यावर छापलेली तेवढीच.

आणि खास खान्देशी फसवणूक. बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांच्या खान्देशाची राजधानी, पुढे मुघलांची टांकसाळ तिथे होती. तिथल्या औरंगजेबाच्या रुपयावर किंवा घरोघरी सापडणाऱ्या शिवराईवर (मराठ्यांच्या तांब्याच्या नाण्यावर) ‘छाप सरकला, एरर’ असं लिहून दुप्पट भाव लावतात. ही नाणी हाताने ठोकलेली. डाय मोठा, चकती लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं बाहेर जाणं हाच तिथला नियम. उलट ज्या रुपयावर टांकसाळीचं नाव पूर्ण बसलंय, त्यालाच जास्त मोल.

बोली लावताना

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कोणीही रुपयाला पाच लाख मागू शकतो, तेवढ्यावरून बातमीही होते. तसंच नाणं याआधी प्रत्यक्ष कितीला गेलं, ते संपलेल्या लिलावांत शोधा. आपला आकडा कागदावर लिहा, त्यात पोस्टेज आणि लिलावगृहाचं कमिशन धरा, मग बोली लावा. त्याच त्या दोन-तीन नव्या खात्यांवरूनच भाव चढतोय असं दिसलं, तर तिथून निघा.

विक्रेत्याला चार फोटो मागा: दोन्ही बाजू, कड, आणि काट्यावर ठेवलेलं नाणं. कडेचा फोटो मागितला की बरेच विक्रेते गप्प होतात. प्लास्टिकच्या डबीत बंद, दर्जा ठरवलेलं नाणं असेल, तर डबीवरचा नंबर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासा. नकली डब्याही निघाल्या आहेत.

तुमच्याकडचं नाणं विकायचं असेल, तर जास्त सांभाळा. ‘तुमचं वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखांना घेतो, आधी जीएसटी भरा’ असा फोन आला की ठेवून द्या. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही पडत नाही, कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पाकीट आलं की उघडतानाच मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी नाणं काट्यावर, भिंगाखाली घाला. माझ्या व्यवहारात परतीची मुदत सात दिवसांची होती. मी सोनारकाकांकडे गेलो दहाव्या दिवशी.