ग्रंथालयातलं टच टेबल लोक कसं वापरतात, हे कसं तपासावं

टच टेबल म्हणजे स्पर्शानं चालणारा पडदा बसवलेलं टेबल. त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदीत, दिवसाचे हजारो स्पर्श दिसले की हुरळून जाऊ नका. टेबलाला स्पर्श कळतो, माणूस कळत नाही. दोघं मिळून एकच नकाशा पाहत असले तर लॉगला तो एकाचाच वापर वाटतो आणि कडेकडेनं धावणारं एक मूल चार जणांसारखं दिसतं. म्हणून लॉग आणि प्रत्यक्ष निरीक्षण जोडीनंच करा.

आधी प्रश्न नेमका ठरवा. ‘टेबल लोकांना आवडतं का?’ यातून हाती काही लागत नाही. ‘पहिल्या स्क्रीनच्या पुढे किती जण जातात?’ हे मोजता येतं.

लॉगमध्ये प्रत्येक स्पर्शाची सेकंदापर्यंतची वेळ, टेबलावरची जागा आणि त्या वेळी उघडी असलेली स्क्रीन एवढं पुरतं. शोधपेटीत लोक स्वतःचं नाव किंवा सभासद क्रमांकही टाइप करतात, त्यामुळे तो मजकूर शक्यतो साठवूच नका. ६० सेकंद स्पर्श झाला नाही की एक सत्र, म्हणजे एकाचा सलग वापर, संपलं असं धरता येतं. पण लांब मजकूर वाचणारा माणूस दोन मिनिटं हात न लावता उभा राहतो. तोच लॉग ३०, ६० आणि १२० सेकंदांनी मोजून पाहा. आकडे फारच बदलले तर मर्यादा निरीक्षणावरून ठरवा.

निरीक्षकानं चार-पाच मीटर लांब, कपाटाच्या आडोशाला बसावं. १५ मिनिटांचा एक, असे किमान २० टप्पे सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि सुट्टीच्या दिवसांत वाटून घ्या. कागदावर रकाने चार: जवळून गेले, नजर टाकली, थांबले, हात लावला. खरी माहिती दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यातल्या फरकात असते, आणि लॉगमध्ये नेमकी तीच नसते. गटानं आलेल्यांपुढे खूण करा. कोण हात लावतं आणि कोण नुसतं मागून पाहतं, तेही लिहा. आधीच कुणी टेबलाशी असेल तर इतर ओढले जातात. हॅरी ब्रिग्नल आणि इव्हॉन रॉजर्स यांनी २००३ मध्ये मोठ्या सार्वजनिक पडद्यांबद्दल लिहिताना याला मधाच्या भांड्याची उपमा दिली होती. त्यामुळे रिकामं टेबल आणि गजबजलेलं टेबल यांचे आकडे वेगळे ठेवा.

‘थांबले’ म्हणजे काय, हे आधीच लिहून ठेवा: पाय थांबले, तोंड टेबलाकडे, किमान ३ सेकंद. दोन निरीक्षकांना एकाच वेळी अर्धा तास वेगवेगळं नोंदवायला लावा. दोघांच्या नोंदी योगायोगापलीकडे किती जुळतात ते सांगणारा आकडा, म्हणजे कोहेनचा कॅपा, ०.६ च्या खाली आला तर माणसांना दोष देऊ नका, व्याख्या सुधारा.

रोज सुरुवातीला निरीक्षकाचं घड्याळ टेबलाच्या घड्याळाशी जुळवा. एका मिनिटाचा फरकही दोन्ही नोंदी जुळू देत नाही, आणि तो नंतर शोधून काढणं फार जिकिरीचं.

खोटे स्पर्श कुठून येतात? पडदा चालू ठेवून फडकं मारलं की शेकडो नोंदी पडतात, म्हणून सफाईची वेळ लिहून ठेवा. कडेच्या चौकटीतून न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडणारं टेबल तो प्रकाश अडला की स्पर्श समजतं: बाही, पिशवी, ठेवलेलं पुस्तक, काहीही. एकाच जागी बराच वेळ टिकणारा स्पर्श बहुधा वस्तूचाच असतो. टेबल नवं असेल तर पहिला आठवडा वगळा. तेव्हा नवलाई मोजली जाते.

टेबल सोडून निघालेल्यांना दोनच मिनिटं थांबवा. ‘आवडलं का?’ विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात. ‘आत्ता काय शोधत होतात?’ आणि ‘कुठे अडलात?’ असं विचारा. अभ्यास चालू असल्याची पाटी दर्शनी भागात लावा आणि मुलांशी बोलण्याआधी पालकांची परवानगी घ्या. कॅमेरा लावायचाच असेल तर वरून, फक्त हात दिसतील असा.

सगळं सुरू करण्याआधी दोन तासांची चाचणी घ्या आणि तिचे आकडे अंतिम मोजणीत धरू नका. रकाने बहुतेक वेळा तिथेच बदलावे लागतात.