पोरगं चुकलं की आधी त्याची वही वाचा: पहिली-दुसरीच्या वर्गात या चुका टाळा

दुसरीतल्या एका मुलाच्या वहीत मी ओळीनं चार फुल्या मारल्या होत्या. ५२ − २७ = ३५. ४० − १८ = ३८. ६१ − ३४ = ३३. ८३ − ४६ = ४३. "नीट बघून कर," म्हणून वही परत दिली. दुसऱ्या दिवशी त्यानं नीट बघून पुन्हा तेच करून आणलं. मग शेजारी बसवून विचारलं, "कसं केलंस? सांग बघू मला."

"सातातनं दोन गेलं, पाच ऱ्हायलं. पाचातनं दोन गेलं, तीन."

"पण सात खाली आहेत ना रे?"

"बाई, तुमीच सांगितलंय न्हवं, मोठ्यातनं लहान वजा करायचं म्हणून."

खरंच सांगितलं होतं. पहिलीत, एकअंकी वजाबाकी शिकवताना, वर्षभर. पोरानं माझं वाक्य जपून ठेवलं आणि दुसरीत इमानानं वापरलं. सांगली जिल्ह्यात जत, शिराळा आणि आता वाळवा अशा तीन तालुक्यांत लहान वर्ग शिकवताना अशा बऱ्याच फुल्या मी मारल्या. त्यातल्या कितीतरी माझ्याच नावावर पडायला हव्या होत्या. त्यातल्याच काही इथे सांगते.

वजाबाकी: वाक्य बदला, मग गणित

वरची चूक तुमच्या वर्गात आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. ४० − १८ घाला. उत्तर ३८ आलं, तर मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतंय. २२ च्या आसपास काहीतरी आलं, तर पद्धत कळली आहे आणि मोजण्यात घसरलंय. या दोन वेगळ्या चुका आहेत, त्यांचं औषधही वेगळं. दुसऱ्या प्रकाराला सराव पुरतो. पहिल्याला सराव दिलात तर चूकच पक्की होते, आणि नेमकं तेच आपण करतो: "दहा वेळा लिहून आण."

मी खराट्याच्या काड्या सारख्या तोडून दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडनं बांधून ठेवते. ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. "यातल्या सात सुट्या दे मला." पोर सुट्या बघतं, माझ्याकडे बघतं आणि गप्प होतं. त्या गप्पपणात घाई करू नका. कुणीतरी विचारतंच, "बाई, गठ्ठा सोडू?" इतकंच हवं असतं. बारा सुट्या झाल्या, सात दिल्या, पाच उरल्या. मग उरलेल्या चार गठ्ठ्यांतले दोन दिले, दोन राहिले.

"उसना घेतला" हा शब्द मी हल्ली टाळते. एका मुलीनं विचारलं होतं, "उसना घेतलेला परत कधी द्यायचा?" घरी उसनवारी बघणाऱ्या पोरीचा प्रश्न रास्त होता. "गठ्ठा सोडला" म्हटलं की असा पेच पडत नाही. बेरजेत २७ + १५ = ३१२ लिहिणारं मूलही याच गावचं. त्याला सात आणि पाच बारा बरोबर येतात, पण दहा झाल्या की गठ्ठा बांधायचा हे हाताला माहीत नसतं. हातचा डोक्यावर लिहायला शिकवण्याआधी तो हातात बांधून घ्यावा.

एकवीस म्हटलं की १२ का लिहितात?

कारण त्यांना तसंच ऐकू येतं. एक-वीस. तोंड आधी एकक म्हणतं, हात आधी दशक लिहितो. मूल ऐकल्या क्रमानं लिहितं आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. जतच्या सीमेकडच्या गावांत घरी कन्नड बोलणारी मुलं वर्गात असायची. कन्नडमध्ये एकवीसला इप्पत्तोंदु म्हणतात, म्हणजे वीस आधी आणि एक नंतर. ती मुलं मराठी संख्यानावांना अडखळायची, पण कन्नडमधून सांगितलं की झटकन बरोबर लिहायची. तिथं पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की गोंधळ गणिताचा नाहीच, नावांचा आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर थट्टा झाली, विधानसभेतही विषय निघाला. माझं मत मधलं आहे. बाजारात कुणी वीस एक म्हणत नाही, त्यामुळे एकवीस यायलाच हवं. पण शिकवण्याच्या पहिल्या काही महिन्यांत 'दोन दशक एक' असा टेकू दिला तर बिघडत काही नाही. टेकू नंतर काढता येतो.

खरी खोड तर एकोणांची. 'एकोणचाळीस' म्हटलं की एक आणि चाळीस एवढंच कानावर पडतं आणि मूल ४१ लिहितं. या नावात तीस कुठं ऐकूच येत नाही, नऊही नाही. 'एकोण' म्हणजे एकानं उणं हे सांगून उपयोग थोडाच होतो, दाखवावं लागतं. शंभराच्या तक्त्यावर चाळीसवर बोट ठेवायचं आणि एक घर मागे यायचं. रोज परिपाठानंतर पाच मिनिटं एकोणतीस, एकतीस, एकोणसाठ, एकसष्ट अशा जोड्या सांगून पाटीवर लिहून घेते. पंधरवड्यात फरक दिसतो. मग नव्व्याण्णव येतो आणि नियम मोडतो, त्याला माझा इलाज नाही. पोरं हसतात आणि लक्षात ठेवतात.

जाता जाता: ३ आणि ६ एकमेकांच्या आरशातल्या रूपासारखे आहेत, त्यामुळे पहिलीत उलटे होणारच. आणि मोबाइलवर बघून शिकलेली मुलं इंग्रजी नऊ पाहून 'एक' म्हणतात, कारण तो आपल्या १ सारखा दिसतो. दोन्ही आकडे मुलासमोर शेजारी-शेजारी ठेवून दाखवा, ओरडू नका.

धडा पाठ आहे, वाचता येत नाही

भेटीला आलेल्या साहेबांपुढे घडाघडा 'वाचणारं' मूल मी स्वतः पुढे केलेलं आहे. त्याचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड पाचव्या. साहेबांना दिसलं नाही, मला दिसलं. पाठांतर आणि वाचन यांत फरक करायचा असेल तर धडा शेवटच्या वाक्याकडून वर वाचायला सांगा. किंवा मधलाच एखादा शब्द बोटाखाली धरून "हे काय?" म्हणा. पाठ केलेलं मूल मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून सुरू करतं, ओठ हलताना दिसतात. पाढ्यांचंही तसंच. सात चोक विचारल्यावर जे सात एकेपासून निघतं, त्याला पाढ्याची चाल येते. चाल असू द्या, वाईट नाही, पण चिंचोक्यांचे साताचे चार ढीगही एकदा मांडून घ्या.

अक्षरांत माझी जुनी चूक म्हणजे दिसायला सारखी अक्षरं एकाच दिवशी, "फरक कळावा म्हणून" शिकवणं. घ आणि ध, ब आणि व, भ आणि म, थ आणि य. पहिल्याच दिवशी जोडी आली की फरकाऐवजी घोळच कळतो. घ आधी पक्का होऊ द्या, घर, घागर, घंटा वाचता येऊ द्या. ध पंधरा दिवसांनी आला तरी आभाळ कोसळत नाही. र चं तर विचारूच नका. सूर्य, चक्र, राष्ट्र, दऱ्या: एकच अक्षर चार वेशांत. आठवड्याला एक वेश, एवढंच.

पालकांसाठी एक: आम्ही बाराखडीत ॲ आणि ऑ धरून चौदाखडी शिकवतो. घरी तुमची बाराखडी म्हणवून घ्या, पण "बाईंनी चुकीचं शिकवलंय" म्हणू नका.

बोलणं दुरुस्त करू नका

परिपाठात एक मुलगी आपल्या शेळीची गोष्ट सांगत होती. "शेळीनं पानी पिलं" म्हणाली. मी मध्येच "पाणी" म्हणाले. तिनं पुढचं वाक्य अर्धवट सोडलं आणि जागेवर जाऊन बसली. नंतर महिनाभर उभी राहिली नाही. घरचा 'न' आणि पुस्तकातला 'ण' यांची गाठ लिहिताना घालून देता येते. बोलताना फक्त आपण उत्तरात बरोबर शब्द वापरायचा: "हो का? किती पाणी प्यायली?" कान आपोआप शिकतो.

दिवाळीच्या सुमारास कारखाना सुरू झाला की वाळव्याच्या वर्गात बीडकडची ऊसतोड कामगारांची मुलं येतात, पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की जातात. वय तिसरीचं, वाचन पहिलीचं. चार महिन्यांचीच म्हणून त्यांना मागच्या भिंतीला बसवण्याची चूक मीही केली आहे. आता आल्या दिवशी दोन गोष्टी बघते: अक्षरं किती ओळखतं आणि वीसपर्यंत वस्तू मोजतं का. तिथून सुरू करते, पटावरच्या इयत्तेपासून नाही. पैशाचे हिशेब मात्र त्यातली कित्येक मुलं तोंडी असे करतात की आपण बघत राहावं. फळ्यावर तेच गणित मांडलं की अडतात. मी त्यांच्याच तोंडी हिशेबाला आकडे जोडत जाते.

डोळे, पोट, रबर

फळ्यावरून उतरवताना चुकतं, पुस्तकातून उतरवताना चुकत नाही: असं मूल निष्काळजी नसतं, बहुधा त्याला दिसत नसतं. शिराळ्यात आषाढात दिवसा वर्गात अंधार, वर वीज गेलेली. तिथं एका मुलाला मी चार महिने आळशी समजत होते. पुढच्या बाकावर बसवलं, आठ दिवसांत वही सुधारली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, त्यांच्यासाठी अशा मुलांची नावं आधीच लिहून ठेवा. ऐनवेळी आठवत नाहीत.

खिचडीनंतरच्या तासाला हातच्याची गणितं घेऊ नका. गाणी, माती, चित्रं.

आणि गृहपाठ. आई किंवा ताई खोडून बरोबर करून देतात तेव्हा वही सुंदर दिसते आणि मला काहीच कळत नाही. पालक सभेत मी हात जोडून सांगते की चुकलेलं असेल तर चुकलेलंच पाठवा. वर्गात तर गणिताच्या तासाला रबर बंदच केलंय. चुकलं तर वर एक आडवी रेघ, शेजारी नवीन उत्तर. सगळी रबरं पत्र्याच्या डब्यात जमा होतात, शनिवारी सकाळची शाळा सुटताना परत मिळतात. गेल्या शनिवारी डब्यात सतरा रबरं होती आणि मागायला अठराजण आले.