जुन्या जीआय पाइपला नवीन सीपीव्हीसी कसा जोडायचा

वैताग नवीन पाइपचा नसतो, जुन्याचा असतो. अर्धा इंची जीआयला (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप) अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाइप) सरळ बसेल असं वाटतं, पण जीआयचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी आणि सीपीव्हीसीचा १५.९, म्हणजे मध्ये फिटिंग लागणारच, एका बाजूला आटे आणि दुसऱ्या बाजूला सोल्यूशनने चिकटवायचं सॉकेट असलेलं. पितळी आट्यांचंच घ्या. नुसत्या प्लास्टिकच्या आट्यात लोखंडी पाइप आवळला की ते कधीतरी तडकतंच.

मेन कॉक बंद करा, सगळ्यात खालचा नळ उघडून पाणी काढून टाका. आता जुना पाइप कुठे सोडवायचा ते ठरवा, खरं डोकं इथेच लावायचंय. जवळचा सॉकेट (सरळ जोड) किंवा एल्बो (कोपऱ्याचा जोड) बघा, तिथले आटे खरवडून साफ करा आणि नखाने चाचपा. धारदार लागले तर ठीक, भुगा पडत असेल तर अजून मागच्या जॉइंटला जा. आतून गंज धरून भोक पेन्सिलीएवढं राहिलं असेल तर पुढे कितीही नवीन पाइप टाका, प्रेशर वाढणार नाही.

सोडवताना दोन पाइप पाने घ्या, एकाने फिटिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने भिंतीकडचा पाइप घट्ट धरून ठेवायचा, नाहीतर इथला जॉइंट सुटायच्या ऐवजी भिंतीच्या आतला हलतो आणि मग फरशी फोडायची वेळ येते. अडकलं असेल तर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, पण नंतर पुसून काढा, सीपीव्हीसीला तेल चालत नाही.

टेफ्लॉन टेप आट्यांच्या तोंडाकडून बघत घड्याळाच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर आवळताना गोळा होऊन बाहेर येते. आधी आट्यांची बाजू पूर्ण आवळा, मगच सोल्यूशन लावा, कारण चिकटलेला जॉइंट नंतर फिरवला की संपला. जागा असेल तर एक युनियन (पाइप न कापता खोलता येणारा जोड) टाका, पुढच्या वेळी कापाकापी वाचेल. सोल्यूशन सीपीव्हीसीचंच हवं, पीव्हीसीचं घरात पडलंय म्हणून ते वापरू नका. पाइप सरळ कापा, कडा घासा, आतलं थेंबभर पाणीसुद्धा पुसा (जुन्या लाइनमधून ठिबकत राहतं ते), दोन्हीकडे सोल्यूशन लावून पाव फेरा फिरवत आत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा. सुकायला किती वेळ द्यायचा ते डब्यावर असतं, तेवढा द्या.

गीझरला प्लास्टिक थेट जोडू नका, मध्ये मेटलचा कनेक्टर हवा. जुना पाइप तांब्याशी जोडायचा असेल तर मध्ये पितळी फिटिंग टाका, तांबं आणि जीआय थेट भिडले की जीआय लवकर सडतो.

आणि हो, जुन्या घरात कधीकधी अर्थिंग पाण्याच्या पाइपलाच दिलेलं असतं. मध्ये प्लास्टिक आलं की अर्थिंग तुटतं, म्हणून काम सुरू करायच्या आधीच इलेक्ट्रिशियनला दाखवा.

पाणी सोडताना नळाच्या जाळ्या काढून ठेवा, सुटलेला गंज आधी त्यातच अडकतो. कॉक हळू उघडा, जॉइंटवर कोरडा टिश्यू फिरवा आणि प्लास्टर करायच्या आधी दोन-चार दिवस ते उघडंच राहू द्या.