जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना

कोपरखैरणे-वाशी भागात खाडी कुठपर्यंत होती, मिठागरं कुठे होती, हे शोधायचं असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे एक इंचाला एक मैल प्रमाणाचे जुने नकाशे घ्या. एका पत्रकावर भागणार नाही. ७३ अंश पूर्व रेखांशावर पत्रक बदलतं आणि तो नवी मुंबईतूनच जातो, त्यामुळे ४७ ए/१६ आणि ४७ ई/४ या क्रमांकांची दोन्ही पत्रकं लागतात.

नकाशा क्यूजीआयएसमध्ये (नकाशांवर काम करायचं संगणकीय सॉफ्टवेअर) बसवताना खूणबिंदू, म्हणजे जुन्या आणि आजच्या नकाशावर जुळवायची ठिकाणं, म्हणून खाडीचा काठ किंवा तलावाची कड कधीही धरू नका. भरावाने नेमकं तेच सरकलंय. बेलापूरचा किल्ला, पारसिक बोगद्याचं तोंड, जुनं देऊळ, डोंगरमाथा असं न हललेलं काहीतरी घ्या, आणि तेही चारही कोपऱ्यांत पसरलेलं.

आणखी एक, लोक हमखास चुकतात ते: समासात छपाईचं साल वेगळं, सर्वेक्षणाचं वेगळं असतं. दाखला सर्वेक्षणाच्या सालाचा द्या. त्यातही काही तपशील नंतर भरलेले असतात. पारसिक बोगदा १९१६चा. सर्वेक्षण त्याआधीचं असूनही तो नकाशात दिसला, तर रेल्वे मागाहून घातली आहे असं समजा. गावठाणं मात्र अशा नकाशातही जुन्या सर्वेक्षणातलीच असू शकतात.