जुन्या अमेरिकेतल्या बाईचं माहेर शोधताना

अठराव्या शतकातल्या अमेरिकन बाईचा माग काढताना लग्नापाशी धागा तुटतो. पुढे कागदोपत्री ती फक्त 'अमक्याची बायको'. जनगणनाही कामाला येत नाही, कारण 1850 च्या आधी तिथे फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत.

अशा वेळी तिच्या नावाचा शोध बाजूला ठेवा आणि आसपासच्या पुरुषांची मृत्युपत्रं वाचायला घ्या. 'माझी मुलगी मेरी, अमक्याची पत्नी, हिला एक गाय आणि पिसांची गादी' अशी एखादी ओळ सापडली, की माहेर सापडलंच म्हणून समजा. शोध त्याच गावापासून सुरू करा; लग्नं बहुधा शेजारपाजारीच व्हायची. जमिनीच्या खरेदीखतांचे साक्षीदारही पाहा, त्यांत तिचे भाऊ निघू शकतात.

मुलांची नावं तर फारच बोलकी. अमेरिकेचे सहावे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स (जन्म 1767) यांच्या नावातलं 'क्विन्सी' आलं ते त्यांच्या आईच्या, अ‍ॅबिगेलच्या आजोळकडून. नातवंडांत असं अनोळखी आडनाव मधलं नाव म्हणून दिसलं, तर ते आधी टिपून ठेवा.

नवरा स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल, तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली विधवा-पेन्शनची फाइल मागवाच. लग्नाचा पुरावा म्हणून काही बायकांनी घरच्या बायबलमधली जन्म-लग्नाच्या नोंदींची पानंच फाडून अर्जाला जोडली होती. ती पानं आजही त्या फाइलींत आहेत, आणि त्यांतली काही तर खुद्द त्या बायकांच्याच हातची.