एका सर्व्हरवर चार गेस्ट: मर्यादा आणि नेटवर्क लावताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कितीतरी कारखान्यांच्या ऑफिसात टेबलाखाली एक टॉवर सर्व्हर असतो. त्यावर लिनक्स, आणि लिनक्सवर तीन-चार गेस्ट: एकात बिलिंग, एकात सुताचा स्टॉक, एकात फाइल शेअर, एकात वेबसाइट. फोन येतो तो ठरलेला. "सर्व्हर हँग होतोय, रॅम वाढवू का?" बहुतेक वेळा रॅम पुरेशी असते. वाटणी चुकलेली असते.

इथे गेस्ट म्हणजे कंटेनर: एकाच लिनक्समध्ये केलेला वेगळा कप्पा. ज्या मशीनवर तो चालतो ते होस्ट. एलएक्ससी असो, प्रॉक्समॉक्समधला सीटी असो, की कुठेतरी अजून धडधडत असलेला जुना लिनक्स-व्हीसर्व्हर असो, या सगळ्यांचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एकच असतो. वाडा एक, बिऱ्हाडं चार, टाकी एकच. आणि पाणी रोज येत नाही हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. मर्यादा घालायची ती रॅम वाचवायला नव्हे. टंचाई आली की आधी कोणी थांबायचं, हे आपण ठरवावं म्हणून घालायची. आपण ठरवलं नाही तर कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा भाग) ठरवतो, आणि तो साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस उडवतो. म्हणजे बहुधा डेटाबेस. फाइल शेअरवाल्या गेस्टने रॅम खाल्ली आणि मेलं बिलिंग, तेही अकरा तारखेला, जीएसटीआर-१ भरायच्या दिवशी!

आकडा बरोबर, एकक चूक

जुन्या व्हीसर्व्हरवर ही चूक हमखास दिसते. तिथे मेमरीची मर्यादा एमबीत नसते, केबीतही नसते, पेजमध्ये, म्हणजे मेमरीच्या ठरावीक तुकड्यांत असते. नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर एक पेज ४ केबीचं. ५१२ एमबी द्यायचे तर १३१०७२ लिहायचं. कोणी नुसतं ५१२ लिहितो; गेस्टला मिळतात २ एमबी आणि तो उठतच नाही. ही चूक निदान लगेच कळते. केबी समजून ५२४२८८ लिहिलं तर २ जीबी मिळतात, सगळं सुरळीत चालतं आणि मर्यादा आहे या भ्रमात वर्ष जातं.

सीग्रुप म्हणजे गेस्टवर मर्यादा लावणारी कर्नलची सोय. तिच्या नव्या आवृत्ती २ मध्ये हिशेब बाइटमध्ये असतो आणि के, एम, जी ही अक्षरं चालतात, त्यामुळे तिथे घोळ कमी. पण स्वॅपकडे, म्हणजे रॅम कमी पडली की वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेकडे, लक्ष द्या. आवृत्ती १ मध्ये स्वॅपची मर्यादा म्हणजे रॅम आणि स्वॅपची बेरीज असायची. आवृत्ती २ मध्ये स्वॅप वेगळा मोजतात. जुन्या फाइलमधले '२ जीबी रॅम, ३ जीबी बेरीज' हे आकडे तसेच उतरवले, तर १ जीबीऐवजी ३ जीबी स्वॅप मिळतो. मग गेस्ट मरत नाही, डिस्कवर रखडत राहतो आणि सोबत बाकीच्यांनाही रखडवतो.

मेमरीच्या दोन मर्यादांतला फरकही समजून घ्या. 'मॅक्स' ही भिंत आहे: तिथे पोचल्यावर जागा मोकळी झाली नाही तर प्रोसेस मारली जाते. 'हाय' ओलांडली तर मारत नाहीत, गेस्टला हळू करून मेमरी परत काढून घेतात. दोन्ही लावा, हाय थोडी खाली. आणि वापर मर्यादेला टेकलेला दिसला म्हणून घाबरू नका. त्यात फाइलींचा कॅशही (वाचलेल्या फाइलींची रॅममधली प्रत) धरलेला असतो, गरज पडली की तो सुटतो. खरी खूण मेमरीच्या 'इव्हेंट्स' फाइलमध्ये असते. तिथला ओओएम-किलचा आकडा वाढत असेल तर मर्यादा नक्की अपुरी.

गेस्टच्या आतून बघून ट्यूनिंग करणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कर्नल एकच असल्यामुळे एलएक्ससीएफएस (गेस्टला त्याच्या मर्यादेपुरतेच आकडे दाखवणारी सोय) नसेल तर गेस्टच्या आत 'फ्री' कमांड अख्ख्या मशीनची रॅम दाखवते. मशीन ३२ जीबीचं, गेस्टला दिले ४. डेटाबेससाठी सत्तर टक्के रॅम ठेवा असं कोणीतरी कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून मारियाडीबी या डेटाबेसच्या बफर पूलला (डेटा रॅममध्ये ठेवायच्या जागेला) २२ जीबी लिहिले जातात. सुरुवातीला काही होत नाही, कारण पूल हळूहळू भरतो. एक दिवस मोठा रिपोर्ट काढला जातो आणि डेटाबेस पडतो. मग सगळे रिपोर्ट बनवणाऱ्याला शिव्या घालतात. बफर पूल, पीएचपीच्या प्रोसेसची संख्या, जावाचा हीप (जावा प्रोग्रॅमची मेमरी) हे आकडे गेस्टला दिलेल्या मर्यादेवरून काढून हाताने लिहा. 'ऑटो'वर विसंबू नका.

सीपीयूचंही असंच. कोटा, म्हणजे सीपीयू वेळेची कमाल मर्यादा, दिला की कर्नल १०० मिलिसेकंदांचा एक कालखंड धरतो. आठ कोअरच्या मशीनवर गेस्टला एका कोअरइतका कोटा दिला आणि आतल्या प्रोग्रॅमने आठ थ्रेड एकदम पळवले, तर १०० मिलिसेकंदांचा वाटा साडेबारा मिलिसेकंदांत संपतो. उरलेले साडेसत्त्याऐंशी तो गप्प बसतो. बाहेरून बघणाऱ्याला स्क्रीन अडखळताना दिसते आणि सीपीयू मात्र मोकळा दिसतो. सीपीयूच्या आकडेवारीत 'थ्रॉटल्ड'चा आकडा बघितला की उलगडा होतो. एकाच मालकाचे गेस्ट असतील तर कोटा हवाच कशाला? 'वेट', म्हणजे गर्दीतला प्राधान्याचा वाटा, द्या: डीफॉल्ट १०० असतो, बिलिंगला ३०० करा. गर्दी नसताना ज्याला हवं तेवढं मिळतं, गर्दी झाली की बिलिंग पुढे.

'टू मेनी ओपन फाइल्स' असा एरर आला की लोक फाइलींची मर्यादा वाढवत सुटतात. दोन गोष्टी आधी तपासा. एक, सिस्टिमडीने (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणाऱ्या भागाने) सुरू केलेल्या सर्व्हिसला लिमिट्सच्या जुन्या कॉन्फ फाइलमधला आकडा लागूच होत नाही, तो युनिट फाइलमध्ये लिहावा लागतो. दोन, आयनोटिफायचे (फाइल बदलली की प्रोग्रॅमला कळवणाऱ्या सोयीचे) इन्स्टन्स. ते दर यूजरमागे मोजतात, डीफॉल्ट बरेचदा १२८ असतो, आणि सगळ्या गेस्टचे यूजर आयडी एकाच पट्ट्यात बसवलेले असतील तर सगळ्यांचा हिशेब एकत्र होतो. चार गेस्ट चालतात, पाचवा उठत नाही, आणि दोष मात्र पाचव्यात नसतो.

नेटवर्क

व्हीसर्व्हरमध्ये गेस्टला स्वतःचं नेटवर्क कार्ड नसतं, फक्त होस्टवरचा एक आयपी त्याच्या नावावर असतो. होस्टचं एसएसएच (लांबून लॉगिन करायची सर्व्हिस) 'सगळ्या पत्त्यांवर' ऐकत असेल तर २२ नंबरचा पोर्ट गेस्टला मिळत नाही. होस्टच्या प्रत्येक सर्व्हिसला तिचा पत्ता नेमून द्या. फायरवॉलचे नियमही इनपुट-आउटपुट चेनमध्ये (नियमांच्या यादीत) जातात. एलएक्ससीचा गेस्ट ब्रिजवर (होस्टमधल्या आभासी स्विचवर) असतो आणि होस्टने राउट केलेला त्याचा ट्रॅफिक फॉरवर्ड चेनमधून जातो. जुन्यावरून नव्यावर आलेले लोक नियम तेच ठेवतात आणि फायरवॉल का चालत नाही म्हणून डोकं खाजवतात.

ब्रिज बनवताना होस्टचा आयपी कार्डावरून काढून ब्रिजवर न्यायचा असतो. दोन्हीकडे ठेवला तर कधी चालतं, कधी नाही. हे काम लांबून करू नका. सर्व्हर चिंचोळी एमआयडीसीत, तुम्ही पुण्यात, आणि एंटर दाबल्यावर कनेक्शन गेलं, तर रात्री वॉचमनला कीबोर्ड शोधायला लावावा लागेल. लांबूनच करणं भाग असेल तर दहा मिनिटांनी जुनी फाइल आपोआप परत येईल अशी सोय आधी करून ठेवा. वायफायवर ब्रिज करायचा नाद सोडाच. साध्या क्लायंट मोडमध्ये ॲक्सेस पॉइंट गेस्टचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) स्वीकारत नाही.

त्याच होस्टवर कोणी डॉकर (कंटेनर चालवणारं दुसरं साधन) टाकला आणि गेस्टचं नेट गेलं, तर फॉरवर्ड चेनची पॉलिसी बघा. डॉकर ती बरेचदा ड्रॉपवर, म्हणजे ट्रॅफिक टाकून देण्यावर नेतो. गेस्टची फोल्डर कॉपी करून दुसरा गेस्ट बनवला असेल तर मॅक पत्ता बदलला का ते बघा. गेस्टचा आयपी राउटरच्या डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याच्या) पट्ट्यात पडत असेल तर एखाद्या सकाळी मालकाचा मोबाइलच तो पत्ता घेईल.

वेबसाइट बाहेरून उघडत नाही म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग दहा वेळा करण्याआधी राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही ब्रॉडबँडवाल्याच्या नॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता) आहात. स्टॅटिक आयपी विकत घ्या किंवा बाहेरच्या सर्व्हरपर्यंत टनेल काढा, तिसरा उपाय शोधू नका. पिंग जातो, लॉगिन होतं, पण मोठं पान अर्ध्यावर अडकतं, असं असेल तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) तपासा. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या) लाइनवर तो १४९२ असतो, गेस्ट १५०० धरून बसलेला असतो. राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (पाकिटाचा आकार आधीच कमी ठरवणं) लावलं की सुटतं.

लाइट जाऊन आल्यावर

चालू गेस्टवर थेट सीग्रुपमध्ये लिहिलेली मर्यादा रीबूटनंतर उरत नाही. ती गेस्टच्या कॉन्फिग फाइलमध्ये हवी. शिवाय लाइट आली की चारही गेस्ट एकदम उठतात, डेटाबेस वेगळ्या गेस्टमध्ये असेल तर बिलिंगचा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आधी जागा होतो आणि कनेक्शन नाही म्हणून बंद पडतो. सुरू होण्याचा क्रम ठरवून द्या: आधी डेटाबेस, मग थोड्या सेकंदांच्या अंतराने बाकीचे. एलएक्ससीत आणि प्रॉक्समॉक्समध्ये दोन्हीकडे ही सोय आहे. सगळं लावून झाल्यावर एका रविवारी, कारखाना बंद असताना, सर्व्हर मुद्दाम बंद करून चालू करा आणि कशालाही हात न लावता बिलिंग उघडतंय का ते बघा.