घरातील दुर्लक्षित जागा कशा स्वच्छ कराव्यात: सुरुवात ओलीपासून

इंदुरातील रामबागेतले जुने घर असो वा बायपासकडचा नवा फ्लॅट, रोजच्या झाडू-पोछ्यात काही जागा येत नाहीत आणि दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचे डबे उतरवता उतरवता त्या पुन्हा राहून जातात. या जागांना हात घालताना आपण बहुधा पंख्यांपासून सुरुवात करतो, कारण तेथील धूळ डोळ्यांना दिसते; परंतु धूळ महिनाभर जशीच्या तशी राहिली तरी फारसे बिघडत नाही, आणि ओल मात्र चार दिवसांत बुरशी धरते. म्हणून आधी ओलीच्या, मग तेलकट आणि शेवटी धुळीच्या जागा, असा क्रम ठेवावा.

फ्रिजपासून आरंभ करावा. प्लग काढून दाराचे रबर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ ब्रशने घडी उलगडून पुसावे व लगेच कोरडे करावे. मग दारात कागद अडकवून ओढून पाहावा. तो सहज निसटला, तर रबर सैल झाले आहे असे समजावे. भाजीच्या खणाखाली वारंवार पाणी साचत असेल, तर आतल्या मागील भिंतीतले निचऱ्याचे बारीक छिद्र तुंबलेले असते. ते प्लास्टिकच्या लवचीक नळीने हळुवार मोकळे करून त्यात थोडे कोमट पाणी सोडावे. सुई किंवा तार खुपसू नये. हे पाणी अनेक फ्रिजमध्ये मागच्या बाजूला कॉम्प्रेसरवरील तबकात उतरते आणि तेथील उष्णतेने उडून जाते. ते तबक निघत नसेल, तर स्पंजने पाणी टिपून जागेवरच पुसावे. घरात येणाऱ्या कुबट वासाचे मूळ पुष्कळदा हे तबकच असते.

वॉशिंग मशीन समोरून उघडणारे असेल, तर दाराच्या रबराच्या घडीतला गाळ पुसून काढावा आणि खालच्या कोपऱ्यातील फिल्टर उघडण्यापूर्वी तेथे परात व जुना टॉवेल ठेवावा, कारण आत अडकलेले पाणी एकदम बाहेर येते. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये धाग्यांची जाळी धुतली की पुरे.

माळव्यातल्या उन्हाळ्यात कुलर अपरिहार्य असतो, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासालाही तो सोयीचा पडतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून टाकी दर आठवड्याला रिकामी करावी, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही काही महिने टिकतात. त्यामुळे नुसते पाणी बदलणे अपुरे आहे. प्लग काढून टाकीच्या भिंती ताठ ब्रशने घासाव्यात, गाळ काढावा आणि टाकी पूर्ण वाळू द्यावी. हंगाम संपल्यावर कुलर झाकून ठेवण्यापूर्वी हेच पुन्हा करावे.

बोअरिंगचे पाणी वापरणाऱ्या घरांत नळाच्या तोंडाशी व शॉवरच्या छिद्रांत पांढरा क्षार बसतो. पिशवीत व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाचे पाणी भरून ती नळाला बांधावी आणि अर्ध्या तासाने ब्रशने घासून धुवावे. यात एक पथ्य कटाक्षाने पाळावे: कोटा, कडप्पा व संगमरवर या दगडांना आम्ल खाते, त्यामुळे एकही थेंब फरशीवर किंवा ओट्यावर पडता कामा नये. तसेच टॉयलेट स्वच्छ करण्याचे आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. एक वापरल्यावर भरपूर पाण्याने धुऊन दुसरे दुसऱ्या दिवशी वापरणे श्रेयस्कर.

तेलकट जागांपैकी एक्झॉस्ट फॅनची पाती आणि ओट्यावरच्या कपाटांची माथी सर्वांत चिवट असतात. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून, कपड्याने ती पुसावीत. पंख्याची वीज अर्थातच आधी बंद करावी. चिमणीची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते व सोड्याने ती काळी पडते, म्हणून तिच्यासाठी गरम पाणी आणि भांड्यांचा साबणच वापरावा. देवघराच्या छतावरची समईची काजळी आधी कोरड्या कपड्याने टिपावी, ओल्या कपड्याने ती पसरते.

धुळीच्या जागांना फार वेळ लागत नाही. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून पुसल्यास धूळ आतच राहते. सरकत्या खिडकीच्या खाचेतली माती आधी कोरड्या ब्रशने काढावी, पाणी ओतल्यास तिचा चिखल होतो. स्विचबोर्ड व रिमोट किंचित ओलसर कपड्याने पुसावेत, त्यांवर थेट फवारा मारू नये.

उरतो तो या कामातून निघालेला कचरा. इंदुरात तो सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत द्यावा लागतो. कपाटामागे सापडलेली मुदत संपलेली औषधे व आम्लाच्या बाटल्या घरगुती घातक कचऱ्यात, तर बिघडलेला रिमोट ई-कचऱ्यात द्यावा. सफाई हाती घेण्यापूर्वीच त्यांच्या वेगळ्या पिशव्या बाजूला मांडून ठेवल्यास गाडी दाराशी आल्यावर धांदल होत नाही.